स्ट्रिजिफॉर्मिस: घुबडांच्या गणाच्या या नावाचा अर्थ काय?

आडवाट

पक्ष्यांच्या वर्गीकरणाचं एक पुस्तक चाळतोय. गणांची बरीच नावं सहज उलगडतात. पॅसर म्हणजे चिमणी, म्हणून पॅसरिफॉर्मिस. फाल्को म्हणजे ससाणा, म्हणून फाल्कनिफॉर्मिस. घुबडांच्या गणापाशी मात्र गाडी अडली. गणाचं नाव स्ट्रिजिफॉर्मिस, आणि त्याच्या मुळाशी 'स्ट्रिक्स' हा शब्द आहे म्हणे. लॅटिन कोश उघडला तर स्ट्रिक्सचे तीन अर्थ पुढ्यात आले: कर्कश ओरडणारं घुबड, तान्ह्या मुलांचं रक्त शोषणारी चेटकीण, आणि खांबावर कोरलेली उभी खाच!

या तिन्हींचा आपसांत काय संबंध? मूळ शब्द 'स्ट्रिक्स' असेल तर नावात 'स्ट्रिजि' कुठून आलं? आणि मुख्य म्हणजे रोमन लोक ज्याला स्ट्रिक्स म्हणायचे तो पक्षी नेमका कोणता? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (घुबडांवर प्रकाश टाकायला सांगतोय, त्याबद्दल क्षमस्व.)

शब्दखुळा

व्याकरणाचं आधी उरकून टाकतो. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'वणिज्' आठवत असेल. मूळ शब्द वणिज्, पण प्रथमेचं एकवचन वणिक्. तसंच भिषज्चं भिषक्. पुढे स्वरादी प्रत्यय आला की तो ज् परत येतो: वणिजौ, वणिजः. लॅटिनचा मामला याच जातीचा आहे. अंग आहे 'स्ट्रिग्', त्याला प्रथमेचा 'स्' लागला की होतं 'स्ट्रिक्स'. षष्ठीत ग् परत येतो: स्ट्रिगिस. राजाला 'रेक्स' पण राजाचा 'रेगिस', हेही तसंच. वैज्ञानिक नावं या अंगावरून बनतात, म्हणून गण स्ट्रिजिफॉर्मिस आणि कुल स्ट्रिजिडी. ग चा ज झाला तो इंग्रजी वळणाच्या उच्चारामुळे. एखाद्या रोमन माणसाने तो शब्द 'स्ट्रिगिफॉर्मेस' असा वाचला असता.

'फॉर्मिस' म्हणजे रूपाचे. एकूण अर्थ 'स्ट्रिक्सच्या रूपाचे', बस. नाव योहान वाग्लर या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाच्या नावावर आहे, साल १८३०. पक्ष्यांच्या गणांना '-इफॉर्मिस' लावायचा हा प्रघात आहे, नियम नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता जाती, प्रजाती आणि कुल यांच्या पातळीवरच्या नावांपुरतीच बोलते. गणांच्या नावांवर तिचा अंमलच चालत नाही.

खांबाची खाच मात्र बाजूला ठेवा. तो रूपाने सारखा दिसणारा निराळा शब्द आहे. विट्रुवियस हा रोमन वास्तुकार स्तंभांवरच्या पन्हळींसाठी तो वापरतो. गळ्यातली माळ आणि गुरं चरतात तो माळ यांचा जितका संबंध, तितकाच या दोन स्ट्रिक्सांचा.

जुनं_पान

चेटकिणीच्या अर्थाबद्दल मी लिहितो, कारण खरी मजा तिथे आहे.

लॅटिन स्ट्रिक्स हा ग्रीकमधून आलेला शब्द. ग्रीकमध्ये 'त्रिझेइन' म्हणजे चिरकणं, किंचाळणं, आणि त्याच आवाजी मुळाशी या पक्ष्याचं नाव जोडतात. पण ग्रीक कथांमध्येसुद्धा हा साधासुधा पक्षी नाही. पॉलिफॉन्टी नावाच्या स्त्रीची कथा आहे. तिला शिक्षा म्हणून स्ट्रिक्स बनवलं जातं: रात्री ओरडणारी, अन्नपाण्यावाचून राहणारी, डोकं खाली आणि पाय वर असलेली, युद्धाची वर्दी देणारी.

रोमन लोकांनी हे आणखी भडक केलं. ओव्हिडचं 'फास्ती' हे रोमन सणावारांवरचं काव्य आहे. त्याच्या सहाव्या भागात प्रोका नावाचं पाच दिवसांचं राजघराण्यातलं बाळ आहे. रात्री स्ट्रिक्स पक्षी पाळण्याशी येतात आणि त्याची छाती शोषतात. बाळ रडतं, दाई धावत येते, तर गालांवर नख्यांचे ओरखडे आणि तोंडाचा रंग वाळक्या पानासारखा. मग क्रेनी ही देवता येते, दाराच्या चौकटीला तीनदा पानांनी स्पर्श करते, उंबऱ्यावर पाणी शिंपडते, पक्ष्यांना बाळाच्या बदल्यात डुकराच्या पिल्लाची आतडी देऊ करते, आणि खिडकीत पांढऱ्या काटेरी झाडाची फांदी लावते. बाळ वाचतं.

त्यात ओव्हिड पक्ष्याचं वर्णनही देतो, आणि ते चांगलं बारकाईचं आहे: डोकं मोठं, डोळे टक्क उघडे, चोच लुटीसाठी घडलेली, पिसांत पांढुरकेपणा, नख्या आकड्यासारख्या. लगेच पुढे नावाची व्युत्पत्तीही सांगून मोकळा होतो: रात्री भयानक किंचाळतात म्हणून यांना हे नाव.

प्लिनी हा रोमन निसर्गलेखक या बाबतीत जास्त शहाणा. तो म्हणतो, स्ट्रिक्स हे नाव पूर्वीपासून शिव्याशापांत आहे हे सगळ्यांना मान्य, पण तो पक्षी कोणता हे ठरलेलं आहे असं मला वाटत नाही. तेव्हा आडवाट, तुमचा तिसरा प्रश्न पहिल्या शतकातच विचारून झाला आहे, आणि विचारणारा तुमच्याइतकाच वैतागलेला होता.

खोडरबर

ही तर सरळसरळ पूतना झाली!

जुनं_पान

@खोडरबर, गमतीत म्हणालात, पण हे जमतंय. भागवतातली पूतना सुंदर स्त्रीच्या रूपात येते, ती सगळ्यांना माहीत असते. हरिवंशातली पूतना मात्र शकुनी म्हणजे पक्षीण आहे, आणि ती मध्यरात्री रागाने पंख फडफडवत येते. सुश्रुतसंहितेत लहान मुलांना पीडणाऱ्या नऊ ग्रहांची यादी आहे, त्यात पूतनेच्या जोडीला 'शकुनी' नावाचा एक ग्रहच आहे. आणखी एक साम्य बघा. स्ट्रिक्स म्हणे बाळांच्या ओठांवर स्वतःचं दूध पिळते, अशी समजूत प्लिनीने नोंदवली आहे, आणि ती थाप आहे असं वर म्हटलं आहे. दूध पाजायला येणारी मारेकरी पक्षीण दोन्हीकडे आहे.

यावरून एकीने दुसरीची कथा उचलली असं मी म्हणत नाहीये. तान्ही मुलं रात्रीत दगावायची, बाहेर अंधारात काहीतरी किंचाळायचं, आणि दोन्हींची सांगड घालायला कुणाला कुणाकडून शिकावं लागत नाही.

जाता जाता: दूध आणि उलटं लटकणं या दोन खुणांवरून स्ट्रिक्स म्हणजे घुबड नसून वटवाघूळ असावं, असंही मत काही अभ्यासकांनी मांडलेलं आहे.

पंखपिसारा

वाचनखूण साठवली. आता पक्ष्यांच्या बाजूने थोडं.

१७५८ साली लिनियसने 'सिस्टिमा नॅचुरी'ची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांची वैज्ञानिक नावं तिथून मोजायची असं ठरलेलं आहे. त्यात त्याने झाडून सगळी घुबडं एकाच प्रजातीत कोंबली, ती स्ट्रिक्स. शृंगी घुबड स्ट्रिक्स बुबो, लांब कानांचं स्ट्रिक्स ओटस, चिमुकलं घुबड स्ट्रिक्स पॅसेरिना, युरोपातलं तपकिरी वनघुबड स्ट्रिक्स अलुको. ही प्रजाती त्याने शिकारी पक्ष्यांच्या गणात ठेवली, एका बाजूला ससाणे, दुसऱ्या बाजूला चक्क खाटीक पक्षी. पुढे संसार वाढला, वाटण्या झाल्या. बुबो वेगळी प्रजाती झाली, ओटस वेगळी, एशिओ वेगळी. मग 'स्ट्रिक्स' हे वडिलोपार्जित नाव कुणाकडे राहावं यावर भाऊबंदकी सुरू झाली.

दावेदार दोन. एक गव्हाणी घुबड, दुसरी वनघुबडं. फ्रेंच शास्त्रज्ञ साव्हिन्यी याने १८०९ मध्ये वनघुबडांना 'सिर्नियम' हे नवं नाव दिलं आणि स्ट्रिक्स गव्हाणी घुबडाला ठेवलं. एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं उघडलीत तर गव्हाणी घुबड 'स्ट्रिक्स फ्लॅमिया' या नावाने भेटेल. पण लिनियसच्या मूळ यादीतली प्रमाण-जाती (प्रजातीचं नाव जिला बांधलेलं असतं ती जाती) कोणती हे काटेकोरपणे पाहिल्यावर निकाल वनघुबडांच्या बाजूने लागला. तिथली 'स्ट्रिक्स स्ट्रिडुला' ही प्रमाण-जाती, आणि ती म्हणजे युरोपातलं तपकिरी वनघुबडच. सिर्नियम बाद झालं. गव्हाणी घुबडाला १८२८ मधलं बिलबर्गचं 'टायटो' हे नाव मिळालं आणि त्याचं कुलही निराळं झालं, टायटोनिडी.

आता यातला विनोद बघा. स्ट्रिक्स म्हणजे किंचाळणारी. गव्हाणी घुबडाचा आवाज ज्याने रात्री जवळून ऐकला आहे त्याला वेगळं सांगायला नको. सूर नाही, लय नाही. घोगरी, फाटलेली, खरखरीत किंकाळी, दीडदोन सेकंदांची, आणि शेवटी कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखी तुटणारी. ऐकणाऱ्याच्या पाठीतून कळ जाते. ओव्हिडचं 'पिसांत पांढुरकेपणा'सुद्धा याला शोभतं. हा पक्षी घूत्कार करतच नाही. उलट वनघुबडाचा नर करतो तो गोल, थरथरता, घुमणारा घूत्कार, घुबड म्हटलं की चित्रपटवाले हमखास लावतात तो. (मादी एक तीक्ष्ण 'कीविक्' काढते, पण किंकाळी नव्हे.)

म्हणजे किंचाळीचं नाव घुमणाऱ्याला गेलं. आणि किंचाळणाऱ्याला जे 'टायटो' मिळालं त्याचा अर्थ काय? ते ग्रीक 'तुतो', म्हणजे घुबडच, आणि ते आहे 'तू-तू' या घुमणाऱ्या हाकेवरून! रोमन नाटककार प्लॉटसच्या एका प्रहसनात एक पात्र दुसऱ्याला टोमणा मारतं की तुला सारखं 'तू तू' म्हणून दाखवायला एक घुबड आणून देऊ का. तो विनोद याच हाकेवर आहे. दोघांच्या नावांची अशी अदलाबदल झाली आहे आणि कायदेशीरपणे झाली आहे.

आडवाट

हे भन्नाट आहे. मग कुणी ती बदलून का घेत नाही? चूक उघड दिसत असताना?

पंखपिसारा

कारण नियमांच्या दृष्टीने ती चूक नाहीच. वैज्ञानिक नाव हे वर्णन नसतं, नुसती खूणचिठ्ठी असते. ती कोणत्या नमुन्याला बांधली आहे आणि आधी कुणी बांधली एवढंच बघतात. अर्थ जुळतो का हे बघायला लागलो तर नावं दर पिढीत बदलतील. नावाच्या अर्थावरून पक्षी ओळखायला जाऊ नये, एवढंच म्हणेन.

मूळपुरुष

चर्चा छान चालली आहे, पण सगळे रोम आणि ग्रीसमध्येच अडकलेत. लॅटिनमध्ये घुबडाला 'उलुला' असाही शब्द आहे. जर्मन 'ऑइलं', इंग्रजी 'आउल'. आणि आपल्याकडे 'उलूक' ऋग्वेदापासून आहे. मूळ कुठलं हे सांगायची गरज आहे का?

शब्दखुळा

@मूळपुरुष, गरज आहे. उलूक, उलुला, आउल यांचं साम्य खरं आहे, कुणी नाकारत नाही. पण पक्ष्याच्या आवाजावरून बनलेल्या शब्दांचं साम्य हा वंशावळीचा सर्वांत कच्चा पुरावा असतो. 'पितृ' आणि लॅटिन 'पातेर' यांचं नातं सिद्ध होतं, कारण प चा जर्मानिक भाषांत फ होतो हा बदल शेकडो शब्दांत नेमाने दिसतो. आवाजी शब्द या नेमातून निसटतात. पक्षी रोज ओरडत असतो, माणसं तो शब्द रोज नव्याने घडवत असतात, त्यामुळे तो झिजत नाही. कावळ्याला संस्कृतात काक म्हणतात आणि 'का' असलेली नावं जगात इतरत्रही सापडतात. ती सगळी एका घरून निघाली असं म्हणता येत नाही.

आणि समजा उलूक आणि उलुला खरोखर एकाच इंडो-युरोपीय पूर्वजाचे असले, तरी त्यातून ते दोन चुलत भाऊ ठरतात. बाप-लेक नाही.

मूळपुरुष

पण ऋग्वेद प्लॉटसच्या कितीतरी आधीचा आहे, हे तरी मान्य?

शब्दखुळा

मान्य. पण थोरला चुलत भाऊ म्हणजे बाप नव्हे.

खोडरबर

😄 धागा वाचतोय. चालू द्या.

हळूबोल

एक बाळबोध शंका. शृंगी घुबडाच्या नावातलं 'बुबो' आणि ब्यूबॉनिक प्लेगमधलं 'ब्यूबो' एकच का? घुबड अपशकुनी, प्लेग जीवघेणा, असं काही असेल का?

जुनं_पान

अजिबात नाही, जरी ते जुळलं असतं तर कथा झकास झाली असती. प्लेगमधला शब्द ग्रीक 'बुबोन' म्हणजे जांघ, यावरून. जांघेत गाठी येतात म्हणून. पक्ष्याचं बुबो हे लॅटिन आहे आणि पुन्हा आवाजावरून, 'बू-बू'. अपशकुनाचं म्हणाल तर ते मात्र खरं. व्हर्जिलच्या 'इनिड'मध्ये डिडो राणी मरणाकडे निघते तेव्हा घराच्या छपरावर एकटं बुबो प्रेतगीत गात असतं. शृंगी घुबडाची बुबो ही प्रजाती १८०५ मध्ये द्युमेरिलने वेगळी काढली, आणि लिनियसचं 'स्ट्रिक्स बुबो' झालं 'बुबो बुबो'. ऐकायला तो त्या पक्ष्याचा आवाजच वाटतो.

दगडूशेठ_नव्हे

इतर प्रजातींच्या नावांवरही लिहा की कुणीतरी. पिंगळ्याचं 'अथीनी' हे ग्रीक देवीवरूनच ना?

जुनं_पान

हो, अथीना देवीवरून. १८२२ मध्ये बोई या जर्मन शास्त्रज्ञाने ही प्रजाती केली. त्यातलं युरोपातलं छोटं घुबड म्हणजे अथीनी नॉक्टुआ. नॉक्टुआ हाही लॅटिन शब्द, 'नॉक्स' म्हणजे रात्र, त्यावरून. सगळी नावं आवाजावरूनच पडतात असं नाही, हे @शब्दखुळा यांच्यासाठी.

या घुबडाला ग्रीक लोक 'ग्लाउक्स' म्हणत. अथेन्सच्या चांदीच्या चार द्राख्माच्या नाण्यावर ते आहे, आणि नाणं हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना. मागच्या बाजूला घुबड: अंग उजवीकडे वळलेलं, पण तोंड वळवून थेट आपल्याकडे बघणारं, डोळे दोन मोठ्या गोळ्यांसारखे. त्याच्या मागे ऑलिव्हची छोटी डहाळी आणि एक इवलीशी चंद्रकोर. समोर शहराच्या नावाची पहिली तीन अक्षरं. लोक या नाण्यांनाच 'घुबडं' म्हणायचे. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या 'पक्षी' या नाटकात स्पर्धेच्या परीक्षकांना आमिष दाखवलं आहे की लॉरिऑनची घुबडं तुमच्या थैल्यांत घरटी करतील आणि सुट्ट्या नाण्यांची पिल्लं काढतील. लॉरिऑन म्हणजे अथेन्सच्या चांदीच्या खाणी. 'अथेन्सला घुबडं नेणं' ही म्हणही त्याच नाटकात भेटते. जिथे आधीच रेलचेल आहे तिथे तीच वस्तू घेऊन जाणं.

त्याच ग्लाउक्सवरून 'ग्लॉसिडियम' ही चिमुकल्या घुबडांची प्रजाती. ते लघुरूप आहे, 'घुबडुलं' म्हणा हवं तर. आणि वनपिंगळ्याला ह्यूमने १८७३ मध्ये 'हेटेरोग्लॉक्स' म्हटलं ते 'निराळं ग्लाउक्स' म्हणून. आता त्याला पुन्हा अथीनीत घातलं आहे, तेव्हा निराळेपण गेलं.

पंखपिसारा

मीही थोडी भर घालतो. ओटस आणि एशिओ यांची जोडी मजेशीर आहे. ग्रीकमध्ये 'ओटोस' म्हणजे कानवालं घुबड, कान या अर्थाच्या शब्दावरून. प्लिनी म्हणतो की याच पक्ष्याला काही जण लॅटिनमध्ये 'एशिओ' म्हणतात. आज लांब कानांच्या घुबडाचं नाव आहे एशिओ ओटस. म्हणजे एकाच पक्ष्याची लॅटिन आणि ग्रीक नावं शेजारीशेजारी ठेवली की झालं बारसं. ते 'कान' अर्थातच कान नाहीत, पिसांचे तुरे आहेत. खरे कान चेहऱ्याच्या तबकडीच्या कडेला पिसांखाली झाकलेले असतात, आणि गव्हाणी घुबडात एक थोडा वर, एक थोडा खाली असतो. आवाज कुठल्या उंचीवरून आला हे त्यावरून कळतं.

निनॉक्स हे हॉजसनने १८३७ मध्ये केलेलं जोडनाव आहे. निसस म्हणजे शिक्रा-बाजांसाठी तेव्हा वापरात असलेलं नाव आणि नॉक्टुआ म्हणजे घुबड, दोन्ही कापून चिकटवली. पक्षी बघितला की पटतं. लांब शेपूट, चेहऱ्यावर तबकडी जवळजवळ नाहीच, घुबडापेक्षा बाजच वाटतो. केटुपा हे मत्स्य घुबडांचं नाव थेट मलय भाषेतून उचललेलं.

शब्दखुळा

माझ्या आवडीचं नाव राहिलंच, फोडिलस. गव्हाणी घुबडाच्या कुलातलं तांबूस रंगाचं, जंगलात राहणारं एक घुबड आहे, त्याची ही प्रजाती. ग्रीक 'फोस' म्हणजे उजेड आणि 'देइलोस' म्हणजे भित्रा. उजेडाला भिणारा. आता अमरकोश काढा. घुबडाचे पर्याय तिथे असे आहेत: उलूक, वायसाराति, पेचक, दिवान्ध, कौशिक, घूक, दिवाभीत, निशाटन. फोडिलस हा 'दिवाभीत'च आहे, अक्षरशः. आपण तो शब्द माणसांना लावतो, चारचौघांत यायला कचरणाऱ्याला, आणि मूळ पक्ष्याला विसरून जातो.

त्या यादीत बघा, घूक आणि उलूक आवाजावरून, निशाटन सवयीवरून, वायसाराति म्हणजे कावळ्यांचा शत्रू, वैरावरून. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा वडाखाली बसलेला असताना झोपलेल्या कावळ्यांवर तुटून पडणारं घुबड बघतो आणि त्यावरूनच त्याला रात्रीच्या कत्तलीची कल्पना सुचते, ते हेच वैर. दिवान्ध तेवढं खोटं आहे. घुबडांना दिवसाही चांगलं दिसतं.

मूळपुरुष

कणादांचं वैशेषिक दर्शन 'औलूक्य दर्शन' म्हणूनही ओळखलं जातं, हेही नोंदवून ठेवतो. उलूक हे काही सगळीकडे अपशकुनीच नव्हतं.

शब्दखुळा

याला +१. अथीनाच्या घुबडाशेजारी हे उदाहरण छान बसतं.

काळी_आई

वनस्पतींच्या बाजूने एक. ज्वारीच्या मुळांवर जगणारं टारफुला हे परजीवी तण शेतीशी संबंध असलेल्यांना माहीत असेल. वर छान हिरवं दिसतं, जांभळी किंवा पांढरी फुलं येतात, आणि खाली ज्वारीचं मूळ शोषत असतं. पीक पाणी असूनही सुकल्यासारखं दिसायला लागतं. त्या वनस्पतीच्या प्रजातीचं नाव 'स्ट्रायगा'. इंग्रजीतही तिला चेटकीण-तण म्हणतात. हे त्याच घराण्यातलं का?

जुनं_पान

त्याच. लॅटिनमध्ये स्ट्रिक्सचं पुढे 'स्ट्रिगा' झालं, आणि तोवर पक्षी मागे पडून चेटकीणच उरली होती. पेट्रोनियसच्या गोष्टीत मेलेल्या पोराचं शव पळवून त्या जागी गवताचा बाहुला ठेवणाऱ्या बायका आहेत, त्या स्ट्रिगाच. इटालियन भाषेत आजही चेटकिणीला 'स्ट्रेगा' म्हणतात, रुमानियात 'स्ट्रिगोई' म्हणजे थडग्यातून उठणारी भुतं, अल्बानियात 'श्ट्रिगा'. लोकांच्या भाषेत शब्दातला पक्षी उडून गेला. तो परत आणला लिनियसने, शब्द शास्त्रात घेऊन. बाळाचं रक्त शोषणाऱ्या स्ट्रिक्सचं नाव मुळं शोषणाऱ्या तणाला देणाऱ्याचं मात्र कौतुक वाटतं. इथे अर्थ चपखल बसलाय.

आडवाट

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. @पंखपिसारा, 'नाव नमुन्याला बांधलेलं असतं' असं तुम्ही म्हणालात. म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? उदाहरण असेल तर द्या.

पंखपिसारा

स्ट्रिक्स प्रजातीतलंच देतो, आणि ताजं आहे.

१८७८ मध्ये ह्यूमने एका घुबडाला 'बटलेराय' असं नाव दिलं. नमुना एकच होता, मकरान किनाऱ्यावरच्या ओर्मारा इथला. पुढे इस्रायल, सिनाई, अरबस्तानच्या वाळवंटात एक फिकट वनघुबड सापडलं, तेही हेच असं सगळ्यांनी गृहीत धरलं. शंभरहून जास्त वर्षं ते पुस्तकांत 'स्ट्रिक्स बटलेराय' म्हणून छापलं गेलं.

मग ओमानच्या हजर पर्वतात रात्री आवाजांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींना एक अनोळखी घूत्कार ऐकू आला. २०१३ मध्ये त्यांनी तो पक्षी नवी जाती म्हणून जाहीर केला: स्ट्रिक्स ओमानेन्सिस. पक्षी हातात न येता, मुख्यतः आवाज आणि छायाचित्रांवरून. तेव्हा कुणीतरी ह्यूमचा तो जुना नमुना पेटीतून काढून नीट तपासला. तो वाळवंटातल्या घुबडाशी जुळेचना. जुळला तो ओमानच्या 'नव्या' घुबडाशी.

नियम सरळ आहे. बटलेराय हे नाव त्या नमुन्याचं, म्हणून ते ओमानच्या पक्ष्याला गेलं आणि ओमानेन्सिस बाद झालं. आणि इतकी वर्षं ज्याला सगळे बटलेराय म्हणत होते ते वाळवंटातलं घुबड एका रात्रीत बिननावाचं झालं! २०१५ मध्ये त्याला नवं नाव द्यावं लागलं, स्ट्रिक्स हॅडोरामी, पक्षी-अभ्यासक हॅडोराम शिरिहाई यांच्यावरून.

तेव्हा एखाद्या पुस्तकात 'स्ट्रिक्स बटलेराय' दिसलं तर आधी पुस्तकाचं साल बघा. २०१५ च्या आधीचं असेल तर त्यातलं वर्णन, चित्र आणि आवाज बहुधा हॅडोरामीचा आहे.